स्टेपमॅनिया: डान्स पॅड, सिंक आणि आपले ताल

ठेकेदार

गेमिंगच्या धाग्यावर डान्स पॅडचा विषय निघाला होता. तिथे अवांतर वाढायला लागलं म्हणून हा वेगळा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात: कोनामीचा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' (पुढे डीडीआर) १९९८ साली जपानमधल्या आर्केडमध्ये (व्हिडिओ गेमच्या अड्ड्यांवर) आला. गाणं वाजत असतं, पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात आणि वरच्या बाजूला चार रिकामे बाण स्थिर असतात. सरकणारा बाण रिकाम्या बाणावर बरोबर बसला की पायाखालच्या पॅडवरचा तोच बाण दाबायचा. स्टेपमॅनिया हा त्याच धर्तीचा मुक्तस्रोत खेळ, २००१ पासूनचा. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला, एमआयटी परवान्याखाली, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालणारा. पॅड नसेल तर कीबोर्डवर बोटांनी खेळा.

फुकटात मिळणारी नक्कल एवढंच असतं तर धागा काढला नसता. मला हा खेळ आवडतो तो त्याच्या एडिटरमुळे. यात गाणी आपण घालायची, स्टेप्सही आपणच बसवायच्या. प्रत्येक गाण्याचं एक फोल्डर, त्यात ध्वनिफाइल, बॅनरचं चित्र आणि एक साधी मजकूर फाइल, .एसएम किंवा नवी .एसएससी. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा. वर नाव, कलाकार, ऑफसेट (पहिला ठोका ध्वनिफाइलीत कुठे पडतो ते), बीपीएम (मिनिटाला किती ठोके). खाली स्टेप्स अशा:

१०००
०१००
००१०
०००१
,

चार रकाने म्हणजे डावा, खालचा, वरचा, उजवा. स्वल्पविराम आला की बार, म्हणजे चार ठोक्यांचा गट, संपला. बारमध्ये चार ओळी असतील तर प्रत्येक ओळ एक ठोका, आठ असतील तर अर्धा. १ म्हणजे साधा बाण. २ पासून ३ पर्यंत पाय दाबून धरायचा. ४ ने सुरू झाला तर तो रोल, तिथे थापा मारत राहायचं. एम म्हणजे सुरुंग, त्यावर पाय पडता कामा नये. (खऱ्या फाइलीत आकडे अर्थातच इंग्रजी.) ज्यांनी तबल्याच्या वहीत मात्रांखाली बोल लिहिलेत त्यांना हे बघून घरी आल्यासारखं वाटेल.

तर प्रश्न असा की लावणी, भजन, लेझीम, ढोलताशा यांना स्टेप्स बसवायचा उद्योग इथे कुणी केलाय का? एक छोटं पॅक (गाण्यांचा संच) करायचं मनात आहे.

अर्धवटराव

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर वाचतो.

मृदुला_क

छान धागा. मला मात्र फार प्राथमिक प्रश्न आहे. लेकीसाठी ऑनलाइन मऊ चटई मागवली, जुन्या प्लेस्टेशनच्या पिनची आहे म्हणून सोबत यूएसबीचा ॲडाप्टर घेतला. एकेक बाण नीट लागतो. पण डावा आणि उजवा एकदम दाबायचे असले की एकही लागत नाही. विकणारा म्हणतो चटई ठीक आहे, मुलीचा पाय नीट पडत नसेल. मी स्वतः उभी राहून पाहिलं, तेच.

सावंतवाडीकर

@मृदुला_क, एक चाचणी करा. डावा + वरचा एकदम लागतो का? आणि वरचा + खालचा?

मृदुला_क

डावा + वरचा लागतो. वरचा + खालचा नाही.

सावंतवाडीकर

मग विकणारा अर्धं खरं बोलतोय. चटई ठीक आहे, गडबड ॲडाप्टरची.

बरेच ॲडाप्टर चारही बाण म्हणजे जॉयस्टिकची काठी आहे असं समजून संगणकाला कळवतात. काठी एका वेळी डावीकडेही आणि उजवीकडेही झुकू शकत नाही, म्हणून दोन्ही दाबले की ते एकमेकांना खातात. तिरपी जोडी मात्र चालते, कारण काठी तिरपी जाऊ शकते. या खेळात डावा-उजवा एकदम, म्हणजे 'जंप', पावलोपावली येते. तेव्हा बाणांना चार सुटी बटणं म्हणून कळवणारा ॲडाप्टरच हवा. घेताना 'डान्स मॅटला चालतो' असं स्पष्ट लिहिलेलं बघा. सेटिंगमध्ये डोकं फोडून हे सुटत नाही.

नवा आला की खेळाच्या ऑप्शन्समध्ये 'टेस्ट इनपुट' उघडा, दोन्ही पायांनी दाबा, दोन्ही बटणांची नावं एकदम दिसली की जिंकलात. मग बटणं नेमून द्यायचा वेगळा पडदा आहे, तिथे पॅडचे चार बाण जोडा.

फरशीवर मऊ चटई घसरते. खाली प्लायवुड घालून कडा दुहेरी टेपने चिकटवा.

मृदुला_क

नमस्कार घ्या! विकणाऱ्याला हाच प्रतिसाद पाठवते.

जुनाखोड

दोन मिनिटांत अंगण झाडून होतं आणि लेझीम खेळायला वीजही लागत नाही. ॲडाप्टर, चटई, प्लायवुड... मुलांना नाचायला शिकवायचं आहे की इलेक्ट्रिशियन करायचं आहे?

मृदुला_क

काका, अंगण असतं तर प्रश्नच नव्हता. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

आर्केड_अण्णा

अमेरिकेत असतो, इथे आठवड्यातून एकदोनदा आर्केडमध्ये जाणं होतं. थोडा इतिहास, कारण 'घरगुती नक्कल' म्हणून स्टेपमॅनियाची बोळवण होते त्याचा मला राग येतो.

एमआयटी परवाना म्हणजे कोड घ्या, बदला, विका, फक्त परवान्याची सूचना सोबत ठेवा. टेक्सासच्या रॉक्सर गेम्सने तेच केलं. त्यांचं 'इन द ग्रूव्ह' हे आर्केड मशीन २००४ मध्ये आलं, आत स्टेपमॅनियाचंच इंजिन. डीडीआरच्या कॅबिनेटमध्ये (आर्केड मशीनच्या खोक्यात) बसवायचं किटही ते विकत. २००५ मध्ये कोनामीने दावा ठोकला, २००६ मध्ये तडजोड झाली आणि इन द ग्रूव्हचे हक्क कोनामीकडे गेले. अधिकृत मालिका तिथेच थांबली. खेळणारे थांबले नाहीत, कारण इंजिन कुणाच्या मालकीचं नव्हतं. आजही जुन्या कॅबिनेटमध्ये आतला संगणक बदलून लोक स्टेपमॅनियाच्या वंशातलं काहीतरी चालवतात. मुक्तस्रोताचा याहून सणसणीत फायदा मला सांगा.

आता खेळणाऱ्यांसाठी. अचूकतेचे मूळ आकडे असे: ठोक्याच्या २२.५ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पाय पडला तर मार्व्हलस, ४५ पर्यंत परफेक्ट, ९० पर्यंत ग्रेट, १३५ पर्यंत गुड, १८० पर्यंत बू, पुढे मिस. हे 'जज ४' या काटेकोरपणाच्या पातळीचे आकडे, जज वाढवला की ही वेळेची खिडकी अरुंद होते.

आणि वेगाची सोय. नवखे लोक बाण हळू ठेवतात आणि पडद्यावर खिचडी झाली म्हणून रडतात. वेग वाढवा! वेग वाढला की बाणांतलं अंतर वाढतं आणि वाचायला सोपं जातं. तीन प्रकार आहेत. एक्स-मॉड म्हणजे गुणाकार, १२० बीपीएमच्या गाण्याला ३ एक्स लावला की ३६० चा वेग. सी-मॉड म्हणजे गाण्याची लय काहीही करो, बाण एकाच वेगाने सरकणार. एम-मॉडमध्ये गाण्याचा सर्वात जास्त बीपीएम बघून खेळ स्वतःच गुणक ठरवतो.

तिरकिट

@ठेकेदार, वहीची उपमा आवडली, पण मूळ प्रश्न टाळू नका. हा सगळा मामला चार-चारच्या हिशेबाचा दिसतो. केरवा बसेल, धुमाळी बसेल. दादरा? रूपक? आणि एखाद्याने मध्येच खंड जातीत, एका मात्रेत पाच, घेतलं तर?

ठेकेदार

वाटच बघत होतो, कुणीतरी हे विचारणार.

दादरा सोपा. सहा मात्रांचे दोन ठोके धरा, प्रत्येक ठोक्यात तीन. बारमध्ये चार ठोके, म्हणजे बारा ओळी, एका बारमध्ये दादऱ्याची दोन आवर्तनं. बाणांचे रंग ठोक्याच्या पोटविभागावरून ठरतात. पूर्ण ठोक्याचा लाल, अर्ध्याचा निळा, तिसऱ्या हिश्श्याचा बऱ्याच नोटस्किनमध्ये (बाणांच्या रूपांमध्ये) जांभळा. त्यामुळे दादऱ्याचं गाणं लाल-जांभळं दिसतं आणि केरव्याचं लाल-निळं. थोडा सराव झाला की रंग बघून ताल ओळखता येतो.

रूपकात सात मात्रा. खेळाचा बार चारचाच राहणार. नव्या .एसएससी फाइलीत टाइम सिग्नेचर लिहिता येते, पण स्टेप्स साठवताना हिशेब चारच्याच बारचा. त्याने बिघडत काहीच नाही. बारची आडवी रेघ आणि सम (आवर्तनाची पहिली मात्रा) एकत्र येत नाहीत इतकंच. सात बार म्हणजे अठ्ठावीस ठोके म्हणजे चार आवर्तनं, तिथे पुन्हा गाठ पडते. खेळणाऱ्याला पायाखाली सम जाणवली पाहिजे, रेघ नाही. मी समेवर जंप देतो. हो, रूपकाची सम 'खाली', म्हणजे टाळीविना मात्रा, असते हे माहीत आहे, त्यावर भांडू नका, 'खाली'च्या मात्रेवर जंप द्यायची नसेल तर मोकळी सोडा आणि पुढच्या 'धी' वर द्या.

खंड जातीत खरी मजा आहे. खेळ आतमध्ये एका ठोक्याचे ४८ भाग करतो. ४८ ला २, ३, ४, ६, ८, १२, १६ यांनी भाग जातो. ५ आणि ७ ने जात नाही. म्हणजे मात्रेत पाच हवे तर ९.६, १९.२, २८.८, ३८.४ या जागा हव्यात, त्या नाहीत. जवळच्या घरात बसवायचं: १०, १९, २९, ३८. १२० बीपीएमला ठोका अर्ध्या सेकंदाचा, त्याचा एक भाग १०.४ मिलिसेकंदांचा. चूक जास्तीत जास्त ४ मिलिसेकंद. अण्णांनी वर दिलेली मार्व्हलसची खिडकी २२.५ ची आहे. पायाला काय कानालाही कळणार नाही.

तिरकिट

मान्य. खाली-समेचं भांडण वेगळ्या धाग्यावर घेतो, सोडणार नाही.

आर्केड_अण्णा

आकडेमोड सुंदर, पण पायांचं काय? तबल्याचे बोल जसेच्या तसे बाणांत उतरवले तर कुणालाही नाचता येणार नाही. चांगल्या स्टेप्समध्ये डावा-उजवा पाय आलटून पालटून पडला पाहिजे. एकाच पायाने सलग दोन वेगळे बाण घ्यावे लागले तर तो डबल स्टेप, तिथे लोक शिव्या देतात. क्रॉसओव्हर, म्हणजे डावा पाय उजव्या बाणावर नेऊन अंग वळवणं, हा खरा नाच. लावणीला तोच शोभेल. बोलांतले निम्मे सोडा, वजनदार तेवढे घ्या.

ठेकेदार

शंभर टक्के. पण त्याच्याही आधी सिंक, म्हणजे बाण आणि गाण्याचे ठोके जुळणं. स्टेप्स कितीही देखण्या असल्या तरी सिंक चुकलं की सगळं मातीत, आणि आपल्याकडच्या गाण्यांत तिथेच लोक हात टेकतात.

हिशेब बघा. गाणं १२०.१ बीपीएमचं आहे आणि तुम्ही १२० लिहिलंत. तीन मिनिटांनी बाण आणि गाणं यांच्यात १५० मिलिसेकंदांची फारकत. सुरुवातीला मार्व्हलस देणारा पाय शेवटी बू देतो आणि खेळणारा स्वतःला दोष देतो.

संगणकावर केलेल्या गाण्याचा बीपीएम एकच असतो, एकदा सापडला की झालं. ॲरोव्होर्टेक्स नावाचा वेगळा एडिटर आहे, तो ध्वनिफाइल ऐकून बीपीएम आणि ऑफसेट सुचवतो, अशा गाण्यांना तो उत्तम. माणसांनी मेट्रोनोमशिवाय वाजवलेलं गाणं श्वास घेतं. ढोलताशा तर चढतोच. तिथे दर एकदोन बारना बीपीएम बदलावा लागतो. स्टेपमॅनियाच्या एडिटरमध्ये एफ७-एफ८ ने त्या ठोक्यापासूनचा बीपीएम, एफ९-एफ१० ने बाणांचा विराम, एफ११-एफ१२ ने पूर्ण गाण्याचा ऑफसेट सरकतो. आधी पहिला ठोका ऑफसेटने जुळवा, मग आठ बार ऐका, घसरलं की तिथे बीपीएम बदला, पुढे चला. मागे जाऊन बदललंत तर पुढचं सगळं हलतं, म्हणून नेहमी डावीकडून उजवीकडे. तपासायला खेळताना एफ७ दाबा, प्रत्येक बाणावर 'टिक' वाजते. ढोलाच्या ठोक्यात ती टिक विरघळली पाहिजे, वेगळी ऐकू आली की चुकलंय.

अशा फाइलीत 'डिस्प्ले बीपीएम' चा रकाना हाताने भरा. नाहीतर गाणं निवडताना पडद्यावर ११८ ते १६३ असलं काहीतरी दिसतं आणि समोरचा घाबरून दुसरं गाणं घेतो.

सावंतवाडीकर

सिंकमध्ये एक गोष्ट राहिली. गाण्याचा ऑफसेट वेगळा आणि मशीनचा वेगळा. सगळीच गाणी सारखीच उशिरा वाटत असतील तर फाइलींना हात लावू नका, तुमचा टीव्ही किंवा स्पीकर उशीर करतोय. टीव्हीचा गेम मोड लावा. ब्लूटूथ हेडफोन तर नकोच, त्यात दीडदोनशे मिलिसेकंद सहज जातात. मग खेळताना एफ६ दाबून 'ऑटोसिंक मशीन' वर आणा आणि ओळखीचं गाणं नीट खेळा, तुमच्या पायांवरून खेळ सरासरी काढून मशीनचा ऑफसेट सुचवतो. एफ६ पुन्हापुन्हा दाबलं की गाण्याचा ऑटोसिंकही येतो, नाव वाचून दाबा.

मृदुला_क

हे वाचून पळून जावंसं वाटतंय. लेकीला फक्त उड्या मारायच्या आहेत!

सावंतवाडीकर

हा हा. तुम्हाला यातलं काही नको. तयार पॅक घ्या, फोल्डर 'सॉन्ग्ज' मध्ये टाका, सर्वात सोपी पातळी निवडा. ऑप्शन्समध्ये 'फेल' बंद करा म्हणजे जीवनपट्टी रिकामी झाली तरी गाणं मध्येच तुटत नाही. 'नो माइन्स' लावा, सुरुंग जातात. गाण्याचा वेगही कमी करता येतो.

जुनाखोड

हे फेल बंद करणं आणि गाणं सावकाश करणं म्हाताऱ्या गुडघ्यांनाही चालतं का?

मृदुला_क

काका!! 😀

सावंतवाडीकर

चालतं. जंपा काढून टाकायचाही पर्याय आहे, 'नो जंप्स'. म्हणजे एका वेळी एकच पाय. धरायला मागे खुर्चीची पाठ ठेवा, आर्केडच्या पॅडला दांडी असतेच.

जुनाखोड

विचारून ठेवलं एवढंच. गैरसमज नको.

दुसरं. आमच्या गावच्या लेझीम पथकाची एक कॅसेट माझ्याकडे आहे. हलगी, ढोल, घुमकं, लेझमा, मध्ये मध्ये शिट्टी. पथकातली अर्धी मंडळी अजून आहेत, विचारता येईल. उपयोग आहे का?

ठेकेदार

उपयोग? काका, धाग्याचं सोनं झालं!

परवानगीचा मुद्दा मी शेवटी काढणार होतो, तो तुम्हीच सोडवलात. स्टेपमॅनियाचा कोड मोकळा आहे म्हणून त्यात घातलेली गाणी मोकळी होत नाहीत. सिनेमातल्या गाण्याचं पॅक करून वाटणं म्हणजे गाणंच वाटणं. काहीजण फक्त .एसएम फाइल देतात आणि ध्वनिफाइल तुमची तुम्ही आणा म्हणतात. ते बरं, पण प्रत्येकाच्या एमपी३ च्या सुरुवातीची शांतता वेगळी निघते आणि ऑफसेट पुन्हा जुळवत बसावं लागतं. पथकाने हो म्हटलं तर ध्वनिफाइलसकट पॅक देता येईल.

कॅसेटमध्ये आणखी एक गंमत आहे. टेपची मोटर स्वतःच किंचित पुढेमागे होते, म्हणजे पथकाची लय अधिक टेपची लय. बीपीएमचे बदल भरपूर लागणार.

अर्धवटराव

वाचून झालं. दोन शंका. कुठली आवृत्ती उतरवायची? आणि गाण्यांची नावं मराठीत दिसतील का? माझ्याकडे नुसत्या चौकटी दिसतायत.

आर्केड_अण्णा

आवृत्ती: ५.०.१२ ही २०१६ ची, जुनी पण ठाम. पॅडवर गंभीरपणे खेळणारे आता बहुतेक आयटीजीमेनिया घेतात, स्टेपमॅनिया ५.१ वरून फुटलेली शाखा, 'सिंपली लव्ह' थीम आत तयार येते. फक्त कीबोर्डवर बोटं चालवायची असतील तर एटर्ना. गाण्यांची फोल्डरं तिन्हीकडे चालतात.

ठेकेदार

नावांचं दुखणं खरं आहे. स्टेपमॅनिया अक्षरं चित्रांच्या तुकड्यांतून जोडतो. सोबत येणाऱ्या फॉन्टांत रोमन आहे, जपानी आहे, देवनागरी नाही. उद्या कुणी तुकडे बनवले तरी वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर बसवायची अक्कल इंजिनात नाही. ज्याला लुआ (प्रोग्रॅमिंगची भाषा) येतं त्याने थीममध्ये खटपट करून बघावी, थीमचा जवळजवळ सगळा कारभार लुआमध्येच आहे. तोवर साधा उपाय: नाव रोमनमध्ये लिहा आणि बॅनरच्या चित्रावर देवनागरी घ्या. बॅनर ४१८ बाय १६४. गाणं निवडताना लोक बॅनरच बघतात.

तिरकिट

बॅनर माझी बायको करेल, अक्षर सुलेखनाचं आहे. हलगीच्या तुकड्यांना स्टेप्स मी बसवतो. शिट्टीवर सुरुंग ठेवले तर? शिट्टी वाजली की पाय उचल.

आर्केड_अण्णा

हे भारी आहे. पण सुरुंगाच्या आधी उठायला अर्धा ठोका तरी द्या.

ठेकेदार

@जुनाखोड काका, कॅसेट डिजिटल करताना एवढं पाळा. आधी हेड पुसून घ्या. दोन्ही बाजू सलग, मध्ये न थांबवता. आवाज साफ करणारं काही लावू नका, हलगीची कड त्यात मरते आणि सिंक करायला मला तीच कड हवी आहे. एमपी३ नको, डब्ल्यूएव्ही द्या, इथे मी ऑग फाइल करून घेईन. आणि पथकाला विचाराल तेव्हा स्पष्ट सांगा की गाणं लोकांना उतरवून घेता येईल, नुसतं 'गेममध्ये घालतोय' म्हणू नका.

जुनाखोड

रविवारी गावी जातोय, विचारतो. टेपरेकॉर्डर नातवाने खोलून ठेवलाय, तो आधी जोडायला लागेल.